लाकडी घोड्याचा कान

मंगळवार, ४ फेब्रुवारी

पोचले एकदाची. दुसऱ्याच पायरीवर बॅगेचं एक चाक निखळलं आणि घरंगळत थेट तिकीटखिडकीपाशी जाऊन आडवं झालं. तिथे बसलेल्या पहारेकरी काकांनी ते उचललं, उलटसुलट करून पाहिलं आणि अगदी गंभीरपणे विचारलं, की हे संग्रहालयाला भेट द्यायचं आहे का. मला हसू आवरेना. पहिल्याच दिवशी असा माणूस भेटला म्हणजे आपलं इथे निभणार.

जुन्या खेळण्यांचं आणि बाहुल्यांचं हे संग्रहालय बाहेरून एखाद्या शाळेसारखं दिसतं. आत तीन दालनं, मागे माझी दुरुस्तीची खोली आणि तिच्यावर राहायची खोली. दुरुस्तीच्या खोलीत मोठी खिडकी, लांबलचक टेबल, मान वळवता येणारा दिवा आणि भिंतीभर छोटे छोटे खण. एका खणात नुसते काचेचे डोळे, रंगवार लावलेले. एकोणीस वर्षं मी चष्म्याच्या दुकानात मान मोडून फ्रेमा नीट करत होते. तिथे स्क्रू एका डबीत आणि काड्या दुसऱ्या डबीत, एवढंच माझं वैभव. इथे खुर्चीवर बसले आणि उगाचच दोन गिरक्या घेतल्या.

ही नोकरी ताईमुळे मिळाली. दुकान बंद झाल्यापासून मी घरात बसून भिंतींशी भांडत होते. ताई पूर्वी तीन वर्षं इथेच कामाला होती, तिनेच बाईंना माझं नाव सुचवलं. बाई म्हणजे इथल्या प्रमुख. किरकोळ अंगाच्या, बोलणं हळू आणि गोड. म्हणाल्या, तुमच्या बहिणीने सांगितलंय, धाकटीला लहानपणचं सगळं तोंडपाठ आहे. मी म्हटलं, त्यात काय शंका, आई मला टिपकागदच म्हणायची. कुठे काही सांडलं की मी टिपलंच. बाईंनी तो शब्द स्वतःशी एकदा म्हणून पाहिला.

ताईचं उलट आहे. तिला लहानपणातलं काही म्हणजे काही आठवत नाही. चार वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा ती पलंगाशी पाहुण्यासारखी उभी होती. आईने तिचा हात धरला तर हिने तो हळूच सोडवून घेतला. ते मी मनात धरून बसले होते. आज इतकी चांगली नोकरी तिने मिळवून दिली, तेव्हा तो राग इथेच सोडते. रोज एक पान लिहायची सवय आईने लावली, ती मात्र सोडणार नाही.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

कामाची पद्धत समजली. खेळणं टेबलावर आलं की आधी स्थितिपत्रक भरायचं. काय शाबूत, काय मोडलं, रंग कुठे उडाला. मग दुरुस्ती. आणि शेवटी आठवण-कार्ड. इथे प्रत्येक खेळण्याशेजारी हाताने लिहिलेलं एक कार्ड असतं, ते कुणाचं होतं, कोण त्याच्याशी कसं खेळलं. लोक म्हणे खेळण्यांपेक्षा कार्डांसाठीच येतात. पण निम्मी खेळणी माळ्यावरून नाहीतर लिलावातून आलेली, त्यांच्यामागे ना नाव ना गाव. अशांसाठी, बाई म्हणाल्या, तुमच्या लहानपणातलं काहीतरी लिहून द्यायचं. बिचाऱ्यांना कुणीतरी असावं लागतं. फक्त खरं असायला हवं, रचलेलं चालत नाही.

मी तर बोलायला कारणच शोधत असते. पहिलाच आला तो डुलणारा लाकडी घोडा. स्थितिपत्रकात लिहिलं: डाव्या खुराचा रंग उडालेला, शेपूट विरळ, दोन्ही कान शाबूत. कार्डावर आमच्या घोड्याची गोष्ट लिहिली. ताई माझी पाळी येऊच देईना, म्हणून मी रागाने घोड्याचा कान कडकडून चावले आणि माझाच पुढचा दात अर्धा तुटला. आई धावत आली आणि तिने पट्टी बांधली ती घोड्याच्या कानाला. माझ्या तोंडातून रक्त येतंय आणि आई घोड्याला विचारतेय, फार लागलं का रे. मी रडायचं विसरून हसायला लागले.

बाईंनी कार्ड न वाचताच पाकिटात घातलं. इथली रीत अशी, की नवीन कार्ड पहिल्यांदा पाहुण्यांनी वाचायचं, आपण नाही. दर गुरुवारी नवीन कार्डं दालनात लागतात. माझा गुरुवार मात्र शहराच्या दुसऱ्या टोकाच्या भांडारात, नवी खेळणी निवडण्यात जाणार. काल गेले होते. खोकी उघडून उघडून नाकात धूळ गेली, पण पत्र्याचा एक सी-सॉ मिळाला. त्यावर दोन मुली समोरासमोर बसलेल्या, किल्ली दिली की एक वर, एक खाली. स्प्रिंग बसवून दिली, आता झकास चालतो.

शनिवार, ८ फेब्रुवारी

घोड्याच्या उजव्या कानावर दातांच्या खुणा आहेत. लहान दातांच्या, आणि एक दात अर्धा.

काल मी दोन्ही कान शाबूत लिहिलं होतं. एकोणीस वर्षं केसाएवढी चीर भिंगातून शोधणारी बाई मी, एवढी मोठी खूण कशी सुटली कोण जाणे. स्वतःचाच राग आला. स्थितिपत्रक दुरुस्त केलं. आमच्यासारखंच दुसरं कुणी खोडकर कार्टं असणार, असं म्हणून सोडून दिलं.

बुधवार, १२ फेब्रुवारी

पत्र्याचा चहाचा संच, निळ्या फुलांचा, सहा कप. त्याच्या कार्डावर आई पाहुणी व्हायची ते लिहिलं. आई शाळांचे गणवेश शिवायची. मशीन चालवून पाठ धरली, की ती जमिनीवर येऊन बसायची आणि आमच्याकडे पाहुणी म्हणून आले म्हणायची. मग आम्ही दोघी तिला चहा म्हणून साधं पाणी द्यायचो. एकदा अकरा कप प्यायली. बाराव्याला म्हणाली, आता पाहुणीचं पोट फुटेल, तुम्हीच तिच्या घरी या.

पहारेकरी काकांची एक गंमत. रोज चार वाजता ते दुसऱ्या दालनात भोवऱ्याच्या कपाटासमोर उभे राहतात, तेच ते कार्ड वाचतात आणि रोज पहिल्यांदा वाचल्यासारखे हसतात. आज मीही वाचलं. बहिणीला चुकवून पलंगाखाली भोवरा फिरवल्याची साधीच गोष्ट. अक्षर ताईचं आहे. काकांना म्हटलं, माझ्या बहिणीने लिहिलंय हे. ते म्हणाले, असेल, पण गोष्ट माझ्या लहानपणची आहे. आणि पुन्हा हसले.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

काल भांडारात, म्हणून आज कपाट उघडलं. चहाच्या सहाही कपांत पाणी होतं, काठोकाठ. छप्पर कोरडं. साफसफाईवाल्या बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, कपाटाची किल्ली तुमच्याकडेच असते. खरंच आहे.

पण आजचा दिवस गोड झाला तो ताईच्या फोनमुळे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती लहानपणाबद्दल आपणहून बोलली. म्हणाली, आठवतं का गं, मी घोड्याचा कान चावले होते, दात तुटला आणि आईने पट्टी घोड्याला बांधली. हसून हसून तिला ठसका लागला. मला ही गोष्ट माहीतच नव्हती. कदाचित माझ्या जन्माआधीची. ताईचं मन मोकळं होतंय याचा इतका आनंद झाला, की डोळे भरून आले.

दात घासताना एक मनात आलं. माझा पुढचा दात अर्धा आहे. तो कशाने तुटला ते काही आठवेना. ताईचे तर सगळे दात धड आहेत. तिने नवीन बसवून घेतला असेल.

बुधवार, १९ फेब्रुवारी

लांब केसांची चिनी मातीची बाहुली. स्थितिपत्रक: केस मोकळे, गुंता फार, भांग नाही. विंचरायला दोन तास गेले. कार्डावर आईची वेणी घालायची पद्धत लिहिली. ओठांत टाचण्या धरून ती बोलायची, त्यामुळे सगळे शब्द चपटे होऊन यायचे. वेणी इतकी घट्ट घालायची, की आम्ही दिवसभर आश्चर्य वाटल्यासारख्या दिसायचो. भांग पाडून झाला, की त्यावर एक फुंकर.

ती फुंकर अजून डोक्यावर जाणवते. हे लिहिताना रडले थोडी. आई आता कुठे असेल तर ती माझ्यात आहे, दुसरीकडे कुठे नाही. ताईजवळ काही नाही, फोटो सगळे पुरात गेले. म्हणून मी जपून आहे हो, रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघते.

शनिवार, २२ फेब्रुवारी

बाहुलीच्या केसांच्या दोन वेण्या घातलेल्या आहेत. घट्ट. त्यामुळे भुवया वर चढल्यासारखी दिसते. मी विंचरून मोकळे सोडले होते.

काल ताईचा फोन. तास दीड तास. आई पाहुणी होऊन अकरा कप पाणी प्यायची म्हणे. भांगावर फुंकर मारायची म्हणे. मी नुसतं हो हो करत राहिले. मला यातलं काही आठवेना. तिला विचारलं, तेव्हा मी कुठे होते. ती म्हणाली, तू लहान होतीस. आमच्यात दीड वर्षाचं अंतर आहे.

टिपकागद म्हणायची मला आई. मग हे माझ्याकडून कसं सांडलं? बाईंना बोलले, तर म्हणाल्या, धुळीने डोकं जड होतं, खिडकी उघडी ठेवा.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

बाहुलीघर. कार्डावर आमचं घर लिहिलं. बेकरीच्या पुढचं तिसरं, हिरवं दार, कडी दोनदा वाजवावी लागायची. आत शिरल्यावर मशीनच्या तेलाचा वास. याच घरात मी जन्मले आणि इथे येईपर्यंत तिथेच राहिले. फार लिहिवलं नाही. हात थांबत होता.

बुधवार, २६ फेब्रुवारी

बाहुलीघराचं दार काल पांढरं होतं. आज हिरवं आहे. रंगाला बोट लावून पाहिलं. जुना, वाळलेला रंग.

हे एक. दुसरं फार वाईट.

बाईंनी आज टेबलावर एक कापडी बाहुली आणून ठेवली. गणवेशाच्या उरल्यासुरल्या निळ्या तुकड्यांची, एक डोळा तपकिरी कोटाच्या बटणाचा, दुसरा पांढऱ्या शर्टाच्या. ही आईने केलेली आहे. आमच्या दोघींत एक. हिच्यावरून आम्ही भांडलो आहोत, हिला मध्ये घालून झोपलो आहोत. आई गेल्यावर मी सगळं घर उलथंपालथं केलं होतं आणि ताई म्हणाली होती, कसरीने खाल्ली, मीच टाकून दिली.

बाईंनी देणगीची नोंद दाखवली. देणार म्हणून ताईची सही. तारीख आई गेल्यानंतरच्या आठवड्यातली. बाई म्हणाल्या, तुमच्या बहिणीची अट होती, की हिचं कार्ड तुम्हीच लिहायचं. चार वर्षं ठेवून दिलीय आम्ही, तुमच्यासाठी.

लगेच फोन लावला. ताई खोटं बोलल्याचं कबूल करून मोकळी झाली. म्हणाली, घरात राहिली असती तर खरंच कसर लागली असती. वर विचारते, कार्ड कधी लिहितेस. मी चिडून फोन ठेवला. कार्ड लिहिणार नाही. आधी तिने समोर बसून मला सांगायचं, खोटं का बोलली.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

क्रमाने लिहिते.

सकाळी काकांनी अभिप्रायवही आणून दिली, शिवण उसवली होती. शिवायला घेतली. पानं सरळ करताना ताईचं अक्षर दिसलं. एकदा नाही. तीनदा.

तेरा फेब्रुवारी: आई आमच्याकडे पाहुणी म्हणून आली होती. घोड्याचा कान मी चावला होता. दात तुटला होता. आठवलं.

वीस फेब्रुवारी: माझी वेणी किती घट्ट घालायची. भांगावर फुंकर.

काल: हिरवं दार. आमचं घर. आईची बाहुली अजून लागली नाही. वाट बघते आहे.

तीनही गुरुवार. मी भांडारात असताना. फोनवर मला म्हणते, घरातून पाय निघत नाही, तुला भेटायला यायचं राहूनच जातंय.

मग या रोजनिशीची मागची पानं वाचली. सात तारीख. माझंच अक्षर. घोडा, कान, दात, पट्टी. *मी* चावले होते. वाचलं तरी काहीच आलं नाही. दुसऱ्या कुणाच्या घरातलं वाचावं तसं. जीभ सारखी त्या अर्ध्या दाताकडे जातेय. दात माझा तुटला आणि आठवण ती घेऊन गेली.

शनिवार, १ मार्च

काकांच्या खनपटीला बसले. शेवटी सांगितलं त्यांनी. नजर भोवऱ्यावरच.

कार्ड जो पहिला वाचेल, आठवण त्याची. लिहिणाऱ्याकडून जाते ती कायमची. आपलं कार्ड आपल्याला लागू पडत नाही. काका पूर्वी कार्डंच लिहायचे. संपले. मग ताई आली. तीही तीन वर्षांत संपली. तिचं एक कार्ड काकांनी चोरून पहिल्यांदा वाचलं. तेवढं एकच लहानपण आहे त्यांच्याजवळ, पलंगाखालचा भोवरा. म्हणाले, तुमच्या ताईला सांगू नका.

म्हणजे आईच्या पलंगाशी ती परक्यासारखी उभी होती, ती खरोखरच परकी होती. तिला ती बाई कोण तेच माहीत नव्हतं.

मला तिची कीव आली. खरंच आली. आणि मग काका म्हणाले, गुरुवारी दार उघडायच्या आधी तिला आत सोडायचं, पहिला मान तिचा, असं बाईंशी ठरलंय. बदल्यात तिने बाहुली दिली. आणि तुम्हाला दिलं.

तुम्हाला दिलं. असंच म्हणाले.

रविवार, २ मार्च

बॅग भरली. बसस्थानकावर गेले. खिडकीतल्या माणसाने विचारलं, कुठे. ओळखपत्र काढून पत्ता वाचून दाखवला. त्याने तिकीट पुढे केलं. मी घेतलं नाही.

तो पत्ता कुणाचाही असू शकतो. तिथे जाऊन कुठलं दार वाजवू? वाजवून काय म्हणू? मागे लोक कुरकुरायला लागले. परत आले. चाक पुन्हा निखळलं. या वेळी हसू आलं नाही.

आणि बाहुली इथे आहे. आईचं आता माझ्याकडे उरलंय काय? चेहरा. आवाज. शेवटच्या दिवशी दवाखान्यात माझा हात धरून जे बोलली ते. एवढं एकच. ते तरी —

मंगळवार, ४ मार्च

ताईला फोन. सगळं तोंडावर फेकलं. नाकारलं नाही तिने. रडलीही नाही.

म्हणाली, तू तिला चाळीस वर्षं घेतलंस. शेवटी उशाशी तूच होतीस. मी तिच्या अंत्यविधीला उभी होते आणि मनात विचार करत होते, की या बाईंचं वय किती असेल. मला एकदा तिच्यासाठी रडायचंय. तुझ्याकडे भरपूर आहे.

मी म्हटलं, मागायचं होतंस. रोज सांगत बसले असते.

म्हणाली, सांगून येत नाही गं. सांगून पाहिलंस की तू. किती वर्षं सांगत होतीस. मला ते नुसतं ऐकू यायचं.

खरं आहे ते. म्हणून जास्त राग येतो. परक्याने लुटलं असतं तर ओरडले असते. हिने केसाने गळा कापला, आणि कापताना मला नोकरी लागली म्हणून माझं कौतुकही केलं. मी तिला फोनवर हो हो करत होते. आनंदाने रडले मी. आनंदाने.

बाई दारात येऊन उभ्या. बाहुलीचं कार्ड कधी, विचारतात. गोड आवाजात. रोज.

बुधवार, ५ मार्च

सुचलं.

तिला माझं हवंय ना — तर हेही घे. सी-सॉचं कार्ड कोरं आहे. त्यावर लिहिते, सगळं. ती कशी खोटं बोलली, कशी मला इथे आणून बसवलं, वहीतलं तिचं अक्षर, सख्ख्या बहिणीने दगा दिला की छातीत कसं होतं ते. खरं आहे, रचलेलं नाही. उद्या सकाळी पहिली तीच वाचेल. मग तिला कळेल. आतून कळेल. सांगून नाही.

माझ्याकडून जाईल, माहीत आहे. राग, कार्डांचं गुपित, सगळंच. पण रोजनिशी आहे. पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलंय — आधी हे वाच. उद्या भांडारातून आले की पहिलं हेच. वाचायचं आणि बाहुली उचलून पळायचं. पत्ता नसला तरी —

कार्ड लिहून झालं. पाठपोट. बाईंनी न वाचता पाकिटात घातलं. हसल्या का त्या?

सी-सॉ टेबलावर आहे. किल्ली दिलेली नाही. खालच्या मुलीने तोंड फिरवलंय. पत्र्याची मान, ती वळत नसते, मीच तर —

गुरुवार, ६ मार्च

भांडारातून आज लवकर आले. एक छान रेल्वेगाडी मिळाली, चारही डबे शाबूत. खोलीत येते तो काय, ताई बसलेली. किती महिन्यांनी भेटली. मी मिठी मारायला गेले, तर तिने मला ढकललं.

डोळे सुजलेले. म्हणाली, तू मला दगा दिलास. खोटं बोललीस, मला या घरात आणून बसवलंस, माझी आई चोरलीस. असं रडत होती, की ऐकवेना. मी केलं हे? मला यातलं काही आठवत नाही. पण ताई उगाच रडणारी नाही. इतकी रडते म्हणजे माझ्या हातून काहीतरी झालंच असणार. मला फार अपराधी वाटलं. सख्ख्या बहिणीशी कुणी असं वागतं का. मी तिची माफी मागितली. दोनदा मागितली. तिने मान वळवली नाही.

बाईंनी पाणी आणून दिलं. त्यांनीच मार्ग काढला. म्हणाल्या, बहिणीची समजूत घालायची असेल तर आईच्या बाहुलीचं कार्ड लिहून द्या, तिला तेवढंच हवंय. एवढंच ना, मी म्हटलं. लगेच बसले. टेबलावर सी-सॉ होता, तो बाजूला सरकवला. या वहीच्या पुठ्ठ्यावर मी काहीतरी वाचायचं म्हणून लिहून ठेवलेलं दिसतंय, ते सावकाश वाचीन, आधी ताईचं होऊ दे.

कार्ड मनासारखं उतरलं. आई दिसायची कशी, बोलायची कशी, शेवटी हात धरून काय म्हणाली, सगळं मावलं. शाई वाळायच्या आत ताईने हातातून घेतलं. आता खिडकीशी उभी राहून वाचते आहे. तिचे ओठ हलताहेत. चेहरा बघता बघता निवळला, किती बरं वाटलं मला. तिचं वाचून होईपर्यंत तेच इथेही उतरवून ठेवते, म्हणजे माझ्याजवळही राहील.

आमची आई दिसायला